जेन ऑस्टिनचं बहिणीने काढलेलं चित्र छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१६ डिसेंबर २०२५ ला इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली म्हणून तुमच्या रविवारच्या पुरवणीत पानभर लेख आला होता. लेख मनापासून आवडला, दोनदा वाचला, आणि कात्रण काढून ठेवलं. मराठी पेपरात तिच्यासाठी कुणी अख्खं पान दिलं याचंच मला किती बरं वाटलं कारण एकतीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी बी.ए.च्या मुलामुलींना ही बाई शिकवली. पण लेखाच्या मधोमध जे मोठं चित्र छापलंय, गोल चेहरा, टपोरे डोळे, ओठांवर हलकंसं हसू, डोक्यावर झालरीची टोपी, आणि खाली नुसतं 'जेन ऑस्टिन' एवढंच, त्याबद्दल मला लिहायचंय. चार दिवस थांबले, म्हटलं कुणीतरी लिहील, पण पत्रव्यवहारात त्याबद्दल एक ओळ आली नाही म्हणून आता मीच बसलेय.

ते चित्र जेनला समोर बसवून काढलेलं नाही. ती गेली १८ जुलै १८१७ ला, विंचेस्टर गावात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. हे चित्र आलं १८६९ मध्ये, म्हणजे तिला जाऊन बावन्न वर्षं झाली होती. तिचा भाचा जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली तेव्हा आत्याचं चरित्र लिहीत होता आणि पुस्तकाच्या सुरुवातीला आत्याचा चेहरा पाहिजे म्हणून त्याने मेडनहेडच्या जेम्स अँड्रूज नावाच्या चित्रकाराला काम दिलं. अँड्रूजने जेनला कधी बघितलेलं नव्हतं. त्याच्यापुढे होतं ते जेनच्या सख्ख्या बहिणीने, कॅसँड्राने, साधारण १८१० च्या सुमाराला काढलेलं एक छोटंसं पेन्सिलचं चित्र, आणि त्यावरून त्याने जलरंगात एक गोड चेहरा तयार केला. मग त्या जलरंगावरून छपाईसाठी कोरीव चित्र केलं गेलं, त्यात ती आणखी थोडी गोड झाली. तुम्ही छापलंय ते हे असं तिसऱ्या हाताचं चित्र.

आणि घरच्यांना हे माहीत होतं हो! चरित्र छापून आल्यावर जेनच्या एका भाचीने जेम्स एडवर्डला लिहिलं होतं की चेहरा फार गोड आणि प्रसन्न आलाय, मूळ रेखाटनावरून इतकं चांगलं निघेल असं वाटलं नव्हतं, आत्यासारखा मात्र फारसा वाटत नाही, पण ते काही वाचकांच्या लक्षात येणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. वाचकांच्या लक्षात येणार नाही, आणि खरंच नाही आलं, दीडशे वर्षं झाली तरी आपण तेच छापतोय.

आता ते मूळ चित्र. माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो (जेन आणि कॅसँड्रा लहानपणी याच रेडिंगमध्ये शाळेत होत्या, तिथल्या जुन्या ॲबीची, म्हणजे मठाची, वेस अजून उभी आहे, मी रोज संध्याकाळी तिथपर्यंत चालत जायचे). २०१८ च्या उन्हाळ्यात मी तिकडे होते तेव्हा त्याच्या मागे लागून एक दिवस लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेले. भिंतीभर राजे राण्या सरदार, माणसाच्या दुप्पट उंचीची तैलचित्रं, आणि त्या सगळ्यांतून शोधत शोधत गेल्यावर हे एवढंसं. अकरा सेंटीमीटर उंच आणि आठ सेंटीमीटर रुंद. पोस्टकार्डापेक्षाही लहान. अंग सगळं पेन्सिलच्या चार रेघांत सोडून दिलेलं, नुसत्या चेहऱ्याला आणि केसांना थोडा रंग लावलाय. हाताची घडी घातलेली, ओठ मिटलेले, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत रेघ उतरलेली, आणि नजर आपल्याकडे नाहीच, बाजूला कुठेतरी. मी तिथे बराच वेळ उभी होते. मुलगा म्हणाला आई ही रागावलीय का गं. मी म्हटलं नाही रे, हिला बसायचं नाहीये, हिला काम आहे.

चित्राची तारीख बरोबर असेल तर ती तेव्हा चौतीस-पस्तीस वर्षांची होती, आई आणि बहिणीबरोबर चॉटनच्या घरात राहत होती आणि अजून तिचं एकही पुस्तक छापून आलेलं नव्हतं. पहिलं आलं १८११ मध्ये आणि त्यावरही नाव नाही, 'एका बाईने लिहिलेलं' एवढंच. म्हणजे कॅसँड्राने काढली ती कुणी प्रसिद्ध लेखिका नव्हे, घरातली धाकटी बहीण, कपडे शिवणारी, पत्रं लिहिणारी, आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर कागद घेऊन बसणारी. अशा वेळी काढलेल्या चित्रात गोड दिसायचं कारणच काय.

यावर कुणी म्हणेल, आणि म्हणायला आधारही आहे, की बहिणीचं चित्र तरी कुठे खरं आहे, जेनची दुसरी एक भाची ॲना लेफ्रॉय तर म्हणाली होती की ते रेखाटन भयंकर आहे, आत्यासारखं अजिबात नाही. ॲना काही उगीच बोलणारी नव्हती, जेन गेली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आत्याबरोबर वाढलेली होती, तिचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. जेम्स एडवर्डनेही आत्याचं जे वर्णन लिहून ठेवलंय ते या चित्राशी पुरतं जुळत नाही. तो म्हणतो उंच, सडपातळ, चालणं हलकं पण ठाम, गाल भरलेले, डोळे बदामी आणि चमकदार, तपकिरी कुरळे केस चेहऱ्याभोवती. आणि सगळ्यात म्हणजे चेहऱ्यावर सतत काहीतरी हलतंय, जिवंतपणा आहे. चित्रातल्या बाईचा चेहरा तर बंद दारासारखा.

पण मला इथे माझ्या आईचं आठवतं. आई गेली तेव्हा घरात तिचा भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो नव्हता. आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत हेच झालंय. रेशनकार्डासाठी काढलेला एक छोटा फोटो होता तो भावाने एका स्टुडिओत दिला, मोठा करून साफ करून द्या म्हणून. त्यांनी साफ म्हणजे इतका साफ केला की कपाळावरच्या आठ्या गेल्या, रंग उजळला, मंगळसूत्र नीट बसवलं, आणि मागे आकाशी रंग. हार घालून तो फोटो आम्ही भिंतीवर लावला, सगळे म्हणाले काय छान आलाय. आणि मी त्या फोटोकडे बघते तेव्हा मला माझी आई दिसत नाही, कुणातरी आईचा फोटो दिसतो. रेशनकार्डावरचा फोटो वाईटच आहे, त्यात ती घाबरलेली आहे, कॅमेऱ्यासमोर आयुष्यात तिसऱ्यांदा बसलेली, आम्ही भावंडं तेव्हा सगळी म्हणायचो आई अशी नव्हतीच दिसत. पण ती घाबरलेली माझी आईच होती, त्या स्टुलावर तीच बसली होती. तो छोटा फोटो आज माझ्या पाकिटात आहे आणि भिंतीवरचा भावाकडे.

ॲनाचं म्हणणं मला असं कळतं. जी हसणारी बोलणारी आत्या तिच्या मनात होती ती त्या कागदावर तिला सापडली नाही. आणि हे सगळं बोलणं झालं ते पन्नास वर्षांनंतर. कागदाच्या समोर बसलेली बाई वेगळी होती असं ती म्हणाली नाही.

आणि काढणारी कोण होती तेही बघा ना. कॅसँड्रा जेनपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठी. दोघींचीही लग्नं झाली नाहीत, दोघी जन्मभर एका घरात राहिल्या, वेगळ्या असल्या की एकमेकींना पत्रं लिहायच्या. जेनची म्हणून आज जी एकशेसाठच्या आसपास पत्रं उरलीत त्यातली बहुतेक कॅसँड्राला लिहिलेली आहेत, बाकीची पुष्कळशी कॅसँड्राने मरायच्या आधी जाळून टाकली, आणि त्याबद्दल अभ्यासक तिच्यावर अजून चिडलेले असतात. लहानपणी जेनने गमतीत इंग्लंडचा इतिहास लिहिला तेव्हा त्यातल्या राजा-राण्यांची चित्रं कॅसँड्रानेच काढली होती. ती चित्रकार नव्हती, तिचा हात कच्चा होता, हे मान्य. पण जेन आजारी पडली तेव्हा विंचेस्टरच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात शेवटपर्यंत उशाशी तीच होती. तेव्हा बायका अंत्ययात्रेला जायच्या नाहीत, तर तिने घरातूनच ती छोटी यात्रा रस्त्याच्या टोकापर्यंत जाताना बघितली, वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. हे तिने स्वतः भाचीला पत्रात लिहिलंय. त्याआधी त्याच भाचीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की जेन तिच्या आयुष्यातला सूर्य होती. इतकं जवळून त्या चेहऱ्याकडे बघितलेलं दुसरं माणूस जगात नव्हतं. तिचा कच्चा हात मला अँड्रूजच्या पक्क्या हातापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तिने बघून काढलंय.

रेखाटन १९४८ पासून गॅलरीच्या मालकीचं आहे, कुणालाही बघता येतं. तरीही सगळीकडे फिरतो तो अँड्रूजचाच चेहरा, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दहा पौंडांची नोट. १८ जुलै २०१७ ला, तिच्या मृत्यूला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये ती नोट लोकांना दाखवली आणि सप्टेंबरात चलनात आली. नोटेवर बाई यावी म्हणून तिकडे बायकांना मोहीम चालवावी लागली होती हे आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. पाच पौंडांच्या नोटेवरून तुरुंग सुधारणारी एलिझाबेथ फ्राय जाणार आणि चर्चिल येणार असं ठरलं, म्हणजे राणी सोडली तर नोटांवर एकही बाई उरली नसती, तेव्हा आरडाओरडा झाला, आणि २०१३ च्या जुलैमध्ये बँक ऑफ इंग्लंडने जेनचं नाव जाहीर केलं. एवढी झगडून मिळवलेली जागा, आणि त्यावर चेहरा कुठला तर १८६९ चा. २०१३ च्याच डिसेंबरात अँड्रूजचं ते मूळ जलरंग चित्र लंडनला सदबीजच्या लिलावात एक लाख साडेचौसष्ट हजार पौंडांना गेलं. त्या नोटेवर मागे जे मोठं घर आहे तेही तिचं नाही, गॉडमरशम हे तिच्या श्रीमंत भावाचं घर, ती तिथे पाहुणी म्हणून जायची. आणि खाली जे वाक्य छापलंय, वाचनासारखा आनंद नाही अशा अर्थाचं, ते 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या कॅरोलाइन बिंगलीच्या तोंडचं आहे. पुस्तक वाचलेल्याला माहीत आहे की कॅरोलाइनला वाचनाची काडीची आवड नाही, नायकावर, डार्सीवर, छाप पडावी म्हणून ती पुस्तक हातात धरून बसते आणि दोन मिनिटांत ठेवून देते. माझ्या वर्गातल्या मुली हा प्रसंग वाचताना हसायच्या. रेडिंगला भाजीच्या दुकानात सुट्टे म्हणून ती नोट पहिल्यांदा माझ्या हातात आली तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

बरं एकदा चेहरा गोड करायला घेतला की माणसं कुठे थांबत नाहीत. १८७३ मध्ये अमेरिकेत थोर स्त्रीपुरुषांच्या चित्रांचा एक संग्रह निघाला त्यात याच अँड्रूजच्या चेहऱ्याची बाई टेबलापाशी बसवलीय, हातात लेखणी दिलीय, आणि बोटात अंगठी घातलीय, लग्नाची घालतात त्या बोटात. जिने आयुष्यभर लग्न केलं नाही, एका संध्याकाळी हो म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जिने नाही सांगितलं, तिला मरणोत्तर अंगठी.

आणि यातूनच ते सगळे वाद निघतात. बहिणीचं चित्र लोकांना आवडत नाही म्हणून दुसरं काहीतरी सापडावं अशी इच्छा इतकी जबरदस्त आहे की दर दहा-वीस वर्षांनी एक नवी जेन सापडते. यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडू वाद राइस पोर्ट्रेटचा. चांगलं मोठं तैलचित्र आहे, पांढऱ्या मलमलीच्या झग्यातली एक मुलगी पूर्ण उभी, हातात छत्री, चालता चालता थांबल्यासारखी, चेहऱ्यावर खट्याळ हसू. बघितलं की वाटतं हीच, हीच असणार. जेनच्या भावाच्या वंशातल्या राइस घराण्याकडे ते होतं आणि त्यांचं ठाम म्हणणं की ही जेनच आहे, १७८८ च्या सुमाराला चुलत आजोबांनी ओझायस हम्फ्री या नावाजलेल्या चित्रकाराकडून काढून घेतलेली. १८८४ मध्ये तिची पत्रं पहिल्यांदा पुस्तकरूपात आली तेव्हा संपादक लॉर्ड ब्रेबर्न, म्हणजे जेनच्या भाचीचाच मुलगा, त्याने हेच चित्र पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं होतं, तेव्हा घरात तसं मानत होते यात शंका नाही. पण नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ते मानत नाही. त्यांचं म्हणणं झग्याची छातीखाली आलेली कंबर ही फॅशनच १८०० नंतरची आहे, आणि कॅनव्हासच्या मागे ज्या विक्रेत्याचा शिक्का होता त्याचा धंदाही त्याच काळातला, तेव्हा जेन पंचविशी ओलांडलेली बाई होती, चित्रातली तर बारा-तेरा वर्षांची पोर. ऑस्टिन घराण्यातली दुसरीच कुणी मुलगी असेल असंही सांगतात. घराण्याच्या बाजूचे लोक म्हणतात लहान मुलींचे झगे आधीपासून असे असायचे. २००७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ठेवलं, चार ते आठ लाख डॉलरचा अंदाज होता, कुणीच घेतलं नाही. मग २०१२ मध्ये चित्राचा शंभर वर्षांपूर्वीचा एक जुना फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर कोपऱ्यात जेनचं आणि चित्रकाराचं नाव दिसतंय असं जाहीर झालं, पुन्हा पेपरांत बातम्या, पुन्हा गॅलरी म्हणाली आम्हाला पटत नाही.

त्या घराण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, आजोबा-पणजोबांपासून जी गोष्ट घरात सांगत आलेत ती खोटी आहे असं एका ऑफिसने सांगायचं हे सोपं नाही. पण माझं मत विचाराल तर मला ती जेन वाटत नाही, झग्याच्या भानगडीत मी पडत नाही, माझं कारण वेगळं आहे. त्याच १७८८ च्या उन्हाळ्यात जेन आईवडिलांबरोबर त्याच चुलत आजोबांकडे गेली होती, आणि तिथे फिलाडेल्फिया वॉल्टर नावाच्या तिच्या चुलतबहिणीने तिला बघितलं. फिलाडेल्फियाने आपल्या भावाला पत्रात लिहिलं की ही दिसायला अजिबात सुंदर नाही, फार शिष्ट आहे, बारा वर्षांच्या मुलीसारखी वागत नाही. खवट बोलणं आहे, मान्य, पण एका वेळी एकाच घरातल्या या दोन मुली मला एका चेहऱ्यात बसवता येत नाहीत. उलट पुढे गॅलरीतली ती हाताची घडी घातलेली बाई मात्र या बारा वर्षांच्या मुलीपासून सरळ येते असं वाटतं.

२०११ मध्ये जेनची चरित्रकार पॉला बर्न हिनेही एक चित्र पुढे आणलं, चर्मपत्रावर शिसपेन्सिलने काढलेलं, टोपी घातलेली लांब नाकाची बाई लिहायला बसलीय आणि मागे 'मिस जेन ऑस्टिन' असं लिहिलंय, आडनावाचं स्पेलिंग चुकीचं. बीबीसीने त्यावर अख्खा कार्यक्रम केला, काही विद्वानांना पटलं काहींना ते कल्पनेने काढलेलं वाटतं. मला त्यातली एक गोष्ट आवडली की निदान ती लिहिताना दाखवलीय आणि सुंदर करायचा प्रयत्न नाही. आणखी एक काळी छायाकृती आहे, 'मॅन्सफील्ड पार्क'च्या एका जुन्या प्रतीत चिकटवलेली मिळाली, खाली फ्रेंचमध्ये 'प्रेमळ जेन' अशा अर्थाचं लिहिलेलं, तीही गॅलरीत आहे. कुठली जेन, कोण जाणे.

आणि ज्याबद्दल कुणाचाच वाद नाही असं एक चित्र आहे, ते सांगितल्याशिवाय हे पत्र मला पुरं करता येणार नाही. तेही कॅसँड्राचंच. १८०४ सालचं, खाली तिची आद्याक्षरं आहेत. निळ्या झग्यातली बाई बाहेर मोकळ्यावर बसलीय, उकाडा असावा, टोपीच्या नाड्या सोडलेल्या. आणि ती पाठमोरी आहे. टोपीने चेहरा पूर्ण झाकलाय, गालाची थोडी कड दिसते फक्त. ॲना लेफ्रॉयनेही या चित्राची आठवण लिहून ठेवलीय. बहीण समोर काय बघतेय ते बघत कॅसँड्रा मागे बसली असणार. मला हे चित्र दुसऱ्या सगळ्यांपेक्षा प्रिय आहे, पण पेपरात पाठमोरं चित्र कोण छापणार, म्हणून त्याचा आग्रह धरत नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितेय तर तुमचा लेख आल्यावर दोन दिवसांत आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर एक फोटो फिरायला लागला, 'जेन ऑस्टिन खरी अशी दिसायची' म्हणून. एआयने केलेला. तुम्ही छापलेलाच चेहरा, पण आता रंगीत, कातडी काचेसारखी, ओठ गुलाबी, पापण्या लांब. एकीने लिहिलं किती सुंदर होती ना मॅडम. १८१० च्या कागदापासून सुरुवात करून १८६९, मग कोरीव चित्र, मग नोट, आणि आता हे, दर वेळी थोडी थोडी तरुण, थोडी थोडी गोरी. आपल्याकडेही जनाबाई मुक्ताबाईंच्या कॅलेंडरवरच्या चित्रांत हेच होतं, सगळ्या संतांना एकच उजळ चेहरा, दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या हातावर कुठे घट्टा दिसत नाही. पण निदान तिथे कुणी तिला समोर बसवून काढलेलं चित्र उरलेलं नाही, चित्रकाराला कल्पनाच करावी लागते. इथे तर आहे, बहिणीने काढून ठेवलेलं आहे आणि आपण ते न बघता दुसरं छापतो, कारण त्यातली बाई हसत नाही.

लिहिणाऱ्या बाईने सुंदर का दिसायला पाहिजे, हे मला खरोखर कळत नाही. तिच्या बऱ्याच कादंबऱ्यांत ज्या मुली आपल्याला आवडतात त्या घरातल्या सगळ्यात सुंदर मुली नसतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या नायिकेबद्दल, एलिझाबेथबद्दल, डार्सी पहिल्या भेटीत काय म्हणतो आठवा, ठीक आहे, पण माझ्या मनात भरण्याइतकी सुंदर नाही. 'पर्सुएशन'मधली ॲन तर सत्तावीस वर्षांची, कोमेजलेली अशीच ओळख करून दिलीय. जिने हे लिहिलं तिचाच चेहरा आपण धुऊनपुसून गुलाबी करून छापतो.

तर माझी विनंती एवढीच आहे. मोठा खुलासा नको, दिलगिरी नको, लेख लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही, चित्र शोधलं की पहिलं तेच येतं. पुढच्या कुठल्याही रविवारी कॅसँड्राचं ते पेन्सिलचं चित्र छापा आणि खाली कॅप्शनमध्ये लिहा, 'जेन ऑस्टिन, बहीण कॅसँड्राने काढलेलं रेखाटन, साधारण १८१०'. आणि आधीचं चित्र परत कधी वापरलंत तर त्याच्या खाली '१८६९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बावन्न वर्षांनी केलेलं' एवढं घाला. जागेची अडचण सांगू नका. मी पट्टी घेऊन मोजून बघितलंय, मूळ चित्र आठ सेंटीमीटर रुंद आहे, तुमच्या पेपरच्या दोन कॉलमात आहे त्या मापातच बसतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज